घांगरियाचा पाऊस आणि आमची तीन जॅकेटं

निघण्याआधी, पुणे

फुलांची दरी बघायची तर पावसातच जावं लागतं. उत्तराखंडातलं हे राष्ट्रीय उद्यान जूनमध्ये उघडतं, पण दरी खरी भरते ती जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन पावसाळ्यात. शेजारचं हेमकुंड हे शिखांचं तीर्थस्थान चार हजार मीटरच्या वर. म्हणजे एकाच सहलीत पाऊसही आणि थंडीही. धाकटी बहीण आणि तिची लेक बरोबर येणार असं ठरलं तेव्हाच मी दोघींना बजावलं, की बूट आणि जॅकेट या दोन गोष्टींत हयगय करायची नाही.

भाचीच्या जॅकेटसाठी आम्ही दुकानात अर्धा दिवस घालवला. तिला रंग आवडला की ती गळ्यापर्यंत चेन लावून आरशासमोर उभी राहायची. मी मात्र प्रत्येक जॅकेट उलटं करून शिवणी बघत होते. सुईने कापडाला जिथे भोक पडतं तिथूनच पाणी येतं, म्हणून आतल्या बाजूने प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी. काही जॅकेटांना फक्त खांद्याला आणि टोपीला पट्टी होती, काखेत आणि दोन्ही बाजूंना नाही. ती लगेच बाजूला ठेवली. मग तिला हात वर करायला लावले. तेव्हा कंबर उघडी पडली तर सॅकचा पट्टा लागल्यावर पाणी थेट पॅन्टमध्ये उतरणार. टोपी घालून मान डावीकडे-उजवीकडे वळवायला सांगितली. टोपी मानेबरोबर वळली नाही, डोळ्यांवरच आली, तर अरुंद वाटेवर ती धोक्याचीच. आणि हे सगळं अंगात जाड फ्लीस, म्हणजे कृत्रिम धाग्यांचा मऊ ऊबदार कपडा, घालून. नुसत्या टी-शर्टवर नीट बसणारं जॅकेट थंडीत आत काही घालू देत नाही.

लेबलवर 10,000 मिलिमीटर लिहिलेलं बघून ती म्हणाली, “मावशी, एवढा पाऊस तर महाबळेश्वरलापण पडत नाही!” पुष्कळांची इथे गल्लत होते. हे मिलिमीटर पावसाचे नाहीत. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेतात आणि पाणी पलीकडे पाझरायला लागलं की त्याची उंची मोजतात. म्हणजे तो पाण्याच्या दाबाचा आकडा. नुसत्या उभ्या पावसाचा दाब फार नसतो. दाब येतो तो सॅकच्या पट्ट्याखाली, ओल्या दगडावर बसल्यावर, वारा पाऊस अंगावर आपटत असेल तेव्हा. माझा हिशेब साधा होता: दोन-चार दिवस सॅक पाठीवर घेऊन पावसात चालायचं तर 10,000च्या खाली जायचं नाही, आणि त्याच्या वरचे पैसे आकड्यापेक्षा काखेतल्या चेनवर आणि चांगल्या टोपीवर खर्च करायचे. आम्ही घेतलेल्या जॅकेटला काखेपासून बरगडीपर्यंत लांब चेन होती. पुढे त्या चेनीनेच तिला वाचवलं.

पुढच्या रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. बहिणीला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघीच. पाऊस रिपरिप चालू, हवा दमट, वारा नाही. अर्ध्या वाटेत भाची थांबली, चेन उघडली आणि आत हात घालून बघितला. टी-शर्ट पिळून निघेल इतका ओला.

“हे वॉटरप्रूफ आहे ना? मग मी ओली कशी?”

तो पाऊस नव्हता, तिचाच घाम होता. श्वास घेणारं कापड म्हणून जे विकतात ते स्वतः काही श्वास घेत नाही. आतली वाफ बाहेर जाते ती आत-बाहेरच्या फरकाच्या जोरावर. आत गरम आणि दमट, बाहेर गार आणि कोरडं असेल तर वाफ भराभर बाहेर पडते. जुलैच्या सह्याद्रीत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली आणि उबदार, मग वाफेने जायचं कुठे? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आपल्या पावसाळी ट्रेकसाठी महागडं जॅकेट घेऊन उपयोग नाही. लवकर वाळणारा टी-शर्ट घालावा, खुशाल भिजावं आणि कोरडे कपडे सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. भोर-वेल्ह्याकडे भातलावणीला बायका डोक्यावर बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं घ्यायच्या. पाठ झाकलेली, पुढून आणि खालून मोकळं, वारा खेळता. वाकून काम करणाऱ्या, घाम गाळणाऱ्या माणसासाठी याहून नेमकं काही मी अजून पाहिलेलं नाही.

पहिला दिवस, पुणे ते ऋषिकेश

विमानाने दिल्ली, तिथून गाडीने ऋषिकेश. उकाडा. जॅकेटं सॅकच्या तळाशी. रात्री बहिणीने तिचं जॅकेट दाखवलं. आठ वर्षांपूर्वी घेतलेलं, दोनदा वापरलेलं, एरवी ठाण्याच्या घरात कपाटात घडी करून ठेवलेलं. “नव्यासारखं आहे ताई,” ती म्हणाली. बाहेरून होतंही नव्यासारखं. मी ते उलटं करून बघायला हवं होतं, पण झोप अनावर झाली होती.

दुसरा दिवस, ऋषिकेश ते जोशीमठ

पहाटे पाचला निघालो. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात, तिथे पाच मिनिटं थांबलो. सिरोबगडला दरड आली होती. हा पट्टा दरडींसाठी बदनामच आहे. गाड्यांची रांग लागली, जेसीबी दगड ढकलत होता. पाऊस पडत होता, आणि आम्ही आळीपाळीने गाडीतून उतरून उभ्या राहत होतो.

इथे भाचीने विचारलं, की पाणी आत येत नाही आणि वाफ बाहेर जाते, हे एकाच कापडाला जमतं कसं? वेळ भरपूर होता, म्हणून मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. 1969 साली बॉब गोर नावाचे अमेरिकन संशोधक टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होते आणि त्या दर वेळी तुटत होत्या. शेवटी त्यांनी एक कांडी एका झटक्यात ओढली. ती तुटली नाही, कित्येक पट लांबली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. पाण्याचा थेंब आत शिरणार नाही इतकी ही छिद्रं बारीक, पण वाफ निसटेल इतकी मोकळी. त्याचाच पुढे पापुद्रा झाला. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची जॅकेटं बाजारात आली. आज हाच किंवा याच कल्पनेवरचा, पॉलियुरेथेनसारख्या दुसऱ्या पदार्थाचा पापुद्रा बहुतेक चांगल्या जॅकेटांत असतो. पापुद्रा नाजूक, म्हणून बाहेरून कापड लागतं, आणि चांगल्या जॅकेटात आतूनही एक पातळ जाळी चिकटवलेली असते. त्यालाच तीन थरांचं जॅकेट म्हणतात. महाग पडतं, पण टिकतं.

साडेचार तासांनी रस्ता मोकळा झाला. जोशीमठला पोचायला रात्र झाली.

तिसरा दिवस, गोविंदघाट ते घांगरिया

गोविंदघाटाहून पुलना गावापर्यंत जीप जाते. तिथून पुढे नऊ-दहा किलोमीटर चाल, लक्ष्मणगंगेच्या काठाने. घांगरिया, म्हणजे दरी आणि हेमकुंड दोन्हींसाठी मुक्कामाचं गाव, साधारण 3,050 मीटरवर. वाट फरसबंदी, पण चढ सोडत नाही. सोबत खेचरांचे तांडे, पाठीवर करंडीत लहान मुलांना नि म्हाताऱ्यांना वाहून नेणारे पिट्ठू, आणि “वाहेगुरू, वाहेगुरू” म्हणत चालणारे पंजाबी यात्रेकरू.

पाऊस सुरू झाला तसं भाचीने चेन गळ्यापर्यंत ओढली. मी तिला थांबवलं. आधी फ्लीस काढायला लावलं, मग काखेतल्या चेनी पूर्ण उघडायला लावल्या, मनगटाच्या पट्ट्या सैल केल्या. “थंडी वाजतेय,” म्हणाली. म्हटलं, वाजू दे. चढावर पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजलीच पाहिजे. निघतानाच ऊबदार वाटत असेल तर अर्ध्या तासात घाम फुटणार आणि तो घाम वर पोचल्यावर अंगावर गार होणार. भ्यूंडार गावाच्या टपरीवर तिने आत हात घालून बघितलं. पाठ ओलसर होती, पण सिंहगडासारखी पिळण्याजोगी नाही. तेच जॅकेट, तीच मुलगी. बदल दोनच होते: उघड्या चेनी आणि दहाएक अंश गार हवा.

नदी ओलांडल्यावरचे शेवटचे तीन किलोमीटर जीव काढतात. एका वळणावर आमच्या पुढे साठीतला पिट्ठू चालला होता, पाठीवर दोन सॅका, अंगावर जाड लोकरीचा कोट आणि त्यावरून प्लॅस्टिकचा कागद. विसाव्याला थांबला तेव्हा कागद काढून झटकला. कोटाच्या लोकरीवर पाण्याचे थेंब दाण्यासारखे उभे होते. मला आमच्या धनगरांची घोंगडी आठवली, तिची खोळ करून डोक्यावर घेऊन पावसात उभे राहिलेले ते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी ऊब सोडत नाही. सुती कपडा याच्या अगदी उलट. भिजला की अंगाला चिकटतो आणि अंगातली ऊब ओढून नेतो. म्हणून सुती बनियन, सुती टी-शर्ट आणि जीन्स या तीन गोष्टी मी कुणालाच डोंगरात नेऊ देत नाही.

चौथा दिवस, फुलांची दरी

सकाळी सातला फाटक उघडतं, आत मुक्काम करता येत नाही, संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यावं लागतं. पुष्पावतीचा पूल ओलांडून भूर्जवृक्षांतून चढ चढलो आणि दरी समोर पसरली. 1931 साली कामेत शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती पावसापासून आडोसा शोधत इथे उतरले होते. पावसानेच ही दरी जगाला दाखवली म्हणायची. आम्हालाही तोच पाऊस लागला, सलग, बारीक, न थांबणारा. गुलाबी तेरड्याचे माथ्याएवढे ताटवे, मध्येच निळी जिरेनियम, आणि एका ओल्या कपारीत एकटी ब्ल्यू पॉपी. तिच्या पाकळ्या भिजलेल्या टिश्यू पेपरसारख्या, इतक्या पातळ की मागचा खडक दिसत होता. बहीण तिच्यासमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ उठली नाही.

उठली तेव्हा तिचा उजवा खांदा भिजलेला होता. जॅकेट काढून बघितलं आणि मन खट्टू झालं. आतला पापुद्रा सालपटासारखा सुटला होता. बोट फिरवलं की चिकट लागायचं, पांढरे कपचे तिच्या काळ्या टी-शर्टवर चिकटले होते, शिवणीवरच्या पट्ट्या लोंबत होत्या. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू कुजतो. वापरला नाही तरी कुजतो, घडी घालून बंद कपाटात तर जास्तच. मुंबई-ठाणे-कोकणात राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. जॅकेट हँगरला मोकळं टांगावं, आणि सहलीच्या महिनाभर आधी उलटं करून नखाने शिवणीची पट्टी खरवडून बघावी. आठ वर्षांचं “नवं” जॅकेट नवं नसतं.

तिला माझी छत्री दिली. छत्री डोंगरात नेली की लोक हसतात, पण झाडीतल्या, वारा नसलेल्या वाटेवर तिच्यासारखं दुसरं काही नाही. खालून मोकळी, इरल्यासारखीच. तिच्या आडोशाने आम्ही जोन मार्गारेट लेग यांच्या थडग्यापर्यंत गेलो. फुलांचे नमुने गोळा करायला 1939 साली आलेल्या या बाई इथल्याच उतारावरून घसरून गेल्या. थडग्यावर पाऊस पडत होता आणि भोवती फुलं होती. कुणीच काही बोललं नाही.

भाचीच्या बाह्या मात्र दुपारपर्यंत गडद झाल्या. सकाळी पाणी थेंब होऊन घरंगळत होतं, आता ते कापडात मुरत होतं. ती घाबरली, “गळायला लागलं?” गळत नव्हतं. बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा एक लेप असतो. सॅकच्या पट्ट्यांनी घासून, घामाने, मळाने तो थकतो. पापुद्रा पाणी अडवतच असतो, पण बाहेर ओल्या कापडाची चादर पांघरल्यासारखं होतं. वाफ कोंडते, अंग गार पडतं आणि जॅकेट फुटलं असं वाटतं. पुष्कळ चांगली जॅकेटं लोक याच गैरसमजातून टाकून देतात.

संध्याकाळी घांगरियाच्या बाजारात बहिणीसाठी जाड प्लॅस्टिकचा रेनकोट घेतला. पातळ, एकदाच वापरायचे रेनकोट त्याहून स्वस्त होते. वाटेच्या कडेला फाटून पडलेले तसले कितीतरी बघितले होते, काही थेट नदीच्या दगडांत अडकलेले. ते घ्यायला हात धजावला नाही.

पाचवा दिवस, हेमकुंड

सहा किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त चढ. पहाटे पाचला निघालो. मी तिघींच्या सॅकमध्ये एकेक पिशवी बांधून दिली होती: कोरडा लोकरी बनियन, फ्लीस, हातमोजे, आणि कृत्रिम तंतू भरलेलं फुगीर जॅकेट. पिशवी वर पोचेपर्यंत उघडायची नाही ही अट.

दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश उतरतात. झाडं संपली, वारा लागला, पाऊस आडवा झाला. आता मात्र काखेतल्या चेनी लावल्या, टोपीची दोरी आवळली. आज भाचीचं जॅकेट खरं कामाला लागलं. बाहेर चार-पाच अंश, आत चढाची ऊब, फरक एवढा की वाफ निघून जात होती. ब्रह्मकमळं दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, “मावशी, मी कोरडी आहे!” तिच्या आवाजातला आनंद फुलांइतकाच खरा होता. बहिणीला प्लॅस्टिकच्या रेनकोटात घाम आला होता, पण तिने पुढून बटणं उघडी ठेवून तो निभावला.

वर धुकं, तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. त्या पाण्यात बुडी मारणारे यात्रेकरू बघून मी हात जोडले. आम्ही सरळ आडोशाला गेलो, ओला टी-शर्ट काढून कोरडा बनियन चढवला, मग फ्लीस, मग फुगीर जॅकेट, सगळ्यावरून पावसाचं. यात दोन मिनिटांचाही उशीर करायचा नसतो. थांबल्या क्षणापासून अंग गार पडायला लागतं, आणि ओलं अंग कोरड्यापेक्षा कितीतरी भराभर ऊब गमावतं.

लंगरच्या रांगेत आमच्या पुढे नाशिकचा एक मुलगा होता. मराठी ऐकून वळला. ओठ निळसर, हसायचा प्रयत्न करत होता. अंगात पिसांचं महागडं जॅकेट, वरून काही नाही. वजनाला हलकं आणि खूप ऊबदार असं दुकानात सांगितलं म्हणून घेतलेलं. कोरड्या थंडीत ते खरंच आहे. पिसं फुगून हवा धरून ठेवतात, ती हवाच ऊब देते. पण भिजली की पिसं एकमेकांना चिकटतात. त्याच्या जॅकेटच्या प्रत्येक कप्प्यात तळाशी पिसांचा गोळा बसला होता, ओल्या कापसाच्या बोळ्यासारखा, आणि वरच्या भागात नुसतं कापड कापडाला टेकलेलं. त्याला चेन उघडायची होती, पण बोटं चेन पकडत नव्हती.

बहिणीने ती उघडली. जॅकेट आणि ओला शर्ट काढायला लावला, तिचं फ्लीस त्याला घातलं, माझं फुगीर जॅकेट वरून. एका वयस्क सरदारजींनी न विचारता आपली शाल काढून त्याच्या कानाभोवती गुंडाळली आणि चहाचा ग्लास त्याच्या तळव्यांमध्ये धरून बसले. खिचडी आली. अर्ध्या तासाने त्याचं थरथरणं थांबलं आणि त्याने पहिल्यांदा सलग वाक्य बोललं, “ताई, मित्र मागे राहिलेत, त्यांना सांगायला हवं.” मित्र आले, आम्ही सगळे मिळून उतरलो. उतारावर त्याला सतत चालतं आणि बोलतं ठेवलं. घांगरियात त्याने कपडे परत केले, घडी घालून.

कृत्रिम तंतूंची जॅकेटं पिसांपेक्षा जड, दाबूनही तेवढी लहान होत नाहीत. पण ओली झाली तरी बरीच ऊब राखतात. पावसाळी हिमालयात पिसांचं जॅकेट न्यायचं तर ते खोलीतल्या वापरासाठी, नाहीतर भक्कम पावसाळी जॅकेटच्या आत. एकटं कधीच नाही.

सहावा आणि सातवा दिवस

उतरलो. जोशीमठला चक्क ऊन पडलं, गच्चीवर दोऱ्या बांधून सगळं वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी सिरोबगडला थांबावं लागलं नाही.

परत पुणे

भाची जॅकेट घेऊन माझ्याकडे आली. लेबलवरची खूण वाचली, मग ते कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाने हाताने धुतलं. कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात नाही, ते लेप मारून टाकतं. दोन-तीन वेळा खळबळलं, पिळलं नाही. पाण्याचा रंग करडा झाला: खेचरांच्या वाटेची धूळ, घाम, सॅकचा मळ. हे लेप पूर्वी फ्लोरिनच्या रसायनांचे असत. ती निसर्गात विरत नाहीत म्हणून आता बऱ्याच कंपन्या ती सोडत आहेत. हे चांगलंच आहे. फक्त नवे लेप तेलकट मळाने लवकर थकतात, म्हणून जॅकेट जास्त वेळा धुवावं लागतं.

वाळल्यावर मधे सुती फडकं घालून अगदी मंद इस्त्री फिरवली. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. मग तिने बाही सिंकवर धरली आणि चमचाभर पाणी ओतलं. पाणी गोल झालं, खांद्याच्या शिवणीपाशी क्षणभर अडलं आणि मोत्यासारखं घरंगळत मनगटावरून खाली पडलं. तिने दुसरा चमचा भरला.